गुणी पण अवघड पोरगं संघात आलं की: 'फुटबॉल मॅनेजर २०२४'

'फुटबॉल मॅनेजर' या संगणकावरच्या खेळात तुम्ही क्लबचे मॅनेजर होऊन संघ चालवता. त्यावर लिहिणारे बहुतेक जण डावपेचांवर लिहितात. कुठली फॉर्मेशन चालते, प्रेसिंग किती वर लावायचं, कुठल्या देशातून स्वस्तात बचावपटू मिळतात. मला मात्र या खेळातली एकच गोष्ट वर्षानुवर्षं बांधून ठेवते. संघात विलक्षण गुणी आणि तितकाच डोक्याला ताप देणारा एक खेळाडू आला, की त्याचं करायचं काय? हा रिव्ह्यू तेवढ्याच भागाचा आहे, आणि संगणकावरच्या पूर्ण आवृत्तीचा. २०२५ ची आवृत्ती रद्द झाली, २०२६ ची नोव्हेंबर २०२५ मध्ये नव्या इंजिनावर आली, पण माझी लांब चाललेली कारकीर्द २०२४ मध्येच आहे आणि ड्रेसिंग रूमची मला खरी ओळख इथेच झाली.

मत आधीच सांगून टाकते. या एका विषयात हा खेळ टीव्हीवर सामन्यानंतर बसणाऱ्या बऱ्याच पंडितांपेक्षा शहाणा आहे. 'त्याला बाहेर बसवा' आणि 'अशा प्रतिभेला मोकळं सोडा' या दोन वाक्यांपलीकडे चर्चा सहसा जात नाही. खेळ तुम्हाला तिसऱ्या गोष्टीकडे बघायला लावतो. बाकीचे चोवीस-पंचवीस जण हे सगळं बघत असतात, आणि तुम्ही एकाला काय म्हणता यावरून ते स्वतःचा हिशेब मांडत असतात.

आधी खेळाची रचना. प्रत्येक खेळाडूचे गुण १ ते २० मध्ये मांडलेले असतात. ड्रिब्लिंग, पासिंग, वेग, चिकाटी हे सगळं समोर दिसतं. स्वभावाचे आकडे मात्र दिसत नाहीत. प्रोफेशनॅलिझम, टेम्परामेंट, कॉन्ट्रोव्हर्सी, प्रेशर, लॉयल्टी, अ‍ॅम्बिशन, स्पोर्ट्समनशिप आणि अ‍ॅडॅप्टेबिलिटी असे आठ आकडे पडद्याआड असतात, आणि तुमच्या हाती लागतो तो त्यांचा गोळाबेरीज एक शब्द: 'मॉडेल सिटिझन', 'टेम्परामेंटल', 'कॅज्युअल' वगैरे. शिवाय पत्रकारांशी तो कसा वागतो याची एक ओळ, आणि आठवड्याच्या सरावाचे दहापैकी गुण. एवढ्यावरून माणूस ओळखायचा. हे आकडे उघडे करून दाखवणारी एडिटरसारखी साधनं मिळतात. ती वापरू नका असं मी मनापासून सांगेन, कारण न दिसणं हाच या भागाचा प्राण आहे. खऱ्या मॅनेजरलाही खेळाडूच्या कपाळावर आकडा लिहिलेला दिसत नाही.

त्यातही मला सर्वात मोलाची वाटते ती एक फारकत. कॉन्ट्रोव्हर्सी वेगळी आणि प्रोफेशनॅलिझम वेगळं. म्हणजे बाहेर वाद ओढवून घेणारा माणूस सरावात चोख असू शकतो, आणि कधी एक चुकीचा शब्द न बोललेला गोड मुलगा आतून आळशी असू शकतो. आपण सरसकट 'त्रासदायक खेळाडू' म्हणतो तेव्हा हे दोन्ही एकाच पोत्यात भरतो.

एरिक कँटोना आठवा. नोव्हेंबर १९९२ मध्ये मँचेस्टर युनायटेडने त्याला लीड्सकडून १२ लाख पाउंडांना घेतलं, तेव्हा फ्रान्समधल्या भांडणांची त्याची यादी लांबलचक होती. २५ जानेवारी १९९५ ला सेलहर्स्ट पार्कवर लाल कार्ड मिळाल्यावर त्याने बाहेर जाता जाता एका प्रेक्षकावर उडी घेऊन लाथ मारली. सप्टेंबरअखेरपर्यंत बंदी आणि १२० तासांची समाजसेवा. त्या उन्हाळ्यात तो इंग्लंड सोडायच्या बेतात असताना युनायटेडचे मॅनेजर अ‍ॅलेक्स फर्ग्युसन स्वतः पॅरिसला गेले आणि त्याची समजूत घालून आले. १ ऑक्टोबरला लिव्हरपूलविरुद्ध तो परतला, पेनल्टीवर गोल केला, आणि त्या हंगामात युनायटेडने लीग आणि एफए कप दोन्ही जिंकले. कपच्या अंतिम सामन्यातला एकमेव गोल त्याचाच. लोक यावरून धडा काढतात की प्रतिभावंताला सगळं माफ असतं. मला तसं वाटत नाही. हाच माणूस सराव संपल्यावर मैदानात थांबून स्वतःचा वेगळा सराव करायचा, आणि संघातली तरुण पोरं ते बघून थांबायला लागली. सहकाऱ्यांनी त्याला वेगळी वागणूक मिळू दिली, कारण रोजच्या कामात तो त्यांच्या पुढे होता. खेळाच्या भाषेत बोलायचं तर टेम्परामेंट तळाला, प्रोफेशनॅलिझम शिखरावर. अशा खेळाडूसाठी मी माझ्या सेव्हमध्ये, म्हणजे साठवून पुढे चालू ठेवलेल्या खेळात, कितीही वेळ मोडते. उलट जोडी असेल तर एक हंगामही थांबत नाही.

आता माझ्या सध्याच्या क्लबकडे येते. इंग्लंडच्या दुसऱ्या श्रेणीतला संघ आहे आणि माझ्याकडे खेळानेच घडवलेला, म्हणजे खऱ्या जगात नसलेला, एकोणीस वर्षांचा विंगर (कडेने चढाई करणारा) आहे. ड्रिब्लिंग १७, फ्लेअर १८, टीमवर्क ६. स्वभाव 'टेम्परामेंटल'. डावीकडून आत घुसायला लागला की समोरच्या बॅकची तारांबळ उडते, आणि चेंडू गेला की हा तिथेच कमरेवर हात ठेवून उभा. सरावाचे गुण मात्र सातच्या आसपास, कधी वर. म्हणजे आळशी नाही. हे मी लक्षात ठेवलं.

हिवाळ्यात तो सरावाला उशिरा आला. इथे 'कोड ऑफ कंडक्ट' कामाला येतो. हंगामाच्या सुरुवातीला तुम्ही संघासमोर नियमावली ठेवता: उशीर झाला तर काय, सराव बुडवला तर काय, लाल कार्ड मिळालं तर काय. ताकीद, एका आठवड्याचा पगार, दोन आठवड्यांचा पगार अशा पायऱ्या असतात. ही नियमावली भांडण नसताना लावलेली असते, यातच तिची ताकद आहे. विंगरला माझ्या कोडप्रमाणे आधी ताकीद मिळाली. तो पुन्हा उशिरा आला. या वेळी एका आठवड्याचा पगार कापायचा होता. तो ऑफिसात आला आणि म्हणाला, दंड फार आहे, एवढं काय झालं? पर्याय समोर होते. दंड मागे घ्यायचा, समजुतीने सांगायचं, किंवा आवाज चढवायचा. मी दंड कायम ठेवला आणि शांतपणे सांगितलं की नियम सगळ्यांना एकच आहे. तो चिडून गेला.

खरी गंमत त्यानंतर 'डायनॅमिक्स'च्या पानावर दिसते. तिथे संघाची उतरंड असते. वर टीम लीडर, मग वजनदार खेळाडू, मग उरलेले. शेजारी मित्रमंडळांचे गट. माझा विंगर उतरंडीत तळाला होता, पण ज्या गटात बसायचा त्यात माझा पहिल्या पसंतीचा गोलरक्षकही होता. दोघातिघांच्या चेहऱ्यांवरचा रंग हिरव्याचा पिवळा झाला. मग कर्णधार माझ्याकडे आला. त्याला दिलेलं उत्तरही तेच: नियम तुम्ही सगळ्यांनी ऐकूनच हंगाम सुरू झाला होता. त्याला ते पटलं, आणि कर्णधाराला पटल्यावर गटातली नाराजी आपोआप निवळली. विंगर अजून फुगलेलाच होता, पण आता एकटाच.

माझा धाकटा भाऊ हाच खेळ खेळतो. त्याचं म्हणणं, "ताई, विकून टाक, सुंठीवाचून खोकला जाईल." त्याच्या संघात टेम्परामेंटल खेळाडू टिकतच नाही, आणि त्याचे संघ खरंच शिस्तीचे असतात. मी पुढच्या शनिवारी विंगरला सुरुवातीच्या अकरा जणांत ठेवलं. दंड खिशावर झाला होता. संघनिवड सरावावर होते, आणि सराव त्याने चुकवला नव्हता. शिक्षा एकदाच द्यायची असते. पैसे कापायचे, वर बाकावर बसवायचं, वर पत्रकारांसमोर टोमणा मारायचा, असं तिहेरी केलं की खेळाडूला आपली चूक आठवत नाही, तुमचा राग तेवढा आठवतो.

मँचेस्टर सिटीचा मॅनेजर रॉबर्तो मान्चिनी याने ऑक्टोबर २०११ मध्ये असंच केलं होतं. त्याचा स्ट्रायकर मारियो बालोतेल्ली याच्या घरात बाथरूममध्ये फटाके पेटून आग लागली, आणि दुसऱ्याच दिवशी मँचेस्टर डर्बी, म्हणजे युनायटेडविरुद्धचा सामना होता. मान्चिनीने त्याला खेळवलं. सिटी ६-१ जिंकली, पहिले दोन गोल बालोतेल्लीचे. पुढे मे २०१२ मध्ये अ‍ॅग्वेरोने लीग जिंकून देणारा जो गोल केला, त्याचा पासही बालोतेल्लीचाच. जानेवारी २०१३ मध्ये मात्र सरावाच्या मैदानावर दोघांची झटापट झाली आणि त्याच महिन्यात त्याला मिलानला विकलं गेलं. म्हणजे मान्चिनीची गणितं बरोबर होती की चूक? एक लीग हाताला लागली. मी त्याला बरोबरच म्हणेन. अवघड खेळाडू कायमचा सुधारतोच असं नाही, तो जोवर संघाला पेलतो तोवरचा तो व्यवहार असतो.

सिटीने लीग जिंकली त्याच हंगामात त्यांच्या कार्लोस तेवेसचं प्रकरण झालं. सप्टेंबर २०११ मध्ये म्युनिकला बायर्नविरुद्ध तो बदली म्हणून उतरायला तयार नव्हता, असं मान्चिनीने जाहीर सांगितलं. तेवेसने ते नाकारलं. क्लबला चार आठवड्यांचा पगार कापायचा होता. खेळाडूंच्या संघटनेने दोन आठवड्यांपेक्षा जास्त दंडाला मान्यता दिली नाही आणि त्या प्रकरणातला दंड तिथेच थांबला. खेळातली दोन आठवड्यांची पायरी कुठून आली हे यावरून कळतं. तेवेस महिनोन्महिने अर्जेंटिनात राहिला, मार्चमध्ये संघात परतला, एप्रिलमध्ये नॉर्विचविरुद्ध हॅटट्रिक केली. एवढं सगळं झाल्यावर त्याला परत घेणं हे मान्चिनीचं त्या हंगामातलं सर्वात अवघड काम असणार. खेळात असा माणूस परत आणायला वाटच नाही. एकदा संबंध पार तुटले की चेहरा लाल तो लालच, बहुधा विक्रीपर्यंत.

मेंटरिंगवर थोडं. तीन किंवा जास्त खेळाडूंचा गट करायचा, त्यात ज्येष्ठांच्या स्वभावाचा ओढा धाकट्यांवर हळूहळू पडतो. ढवळ्याशेजारी पवळ्या बांधला, वाण नाही पण गुण लागला, हे इथे अक्षरशः घडतं, आणि दोन्ही बाजूंनी घडतं: चुकीचा ज्येष्ठ घातलात तर चांगलं पोरगं बिघडतं. विंगरला मी कर्णधाराच्या आणि एका शांत, जुन्या मिडफिल्डरच्या गटात टाकलं. फरक पडतो, पण महिन्यांच्या मोजमापात. घाई असणाऱ्यांनी इकडे फिरकू नये.

आश्वासनांचा भाग मला त्याहून आवडतो. खेळाडू नाराज होऊन आला की तुम्ही त्याला काहीतरी कबूल करू शकता: जास्त सामने, नवा करार, हंगामाअखेर सोडू, वर चढलो नाही तर जाऊ देऊ. प्रत्येक शब्द यादीत लिहून ठेवला जातो. मोडलात तर तो एकटा रागावत नाही, पुढच्या वेळी दुसऱ्याला काही कबूल करताना तोही तुमच्याकडे संशयाने बघतो. २०१३ च्या उन्हाळ्यातला लिव्हरपूलचा लुईस सुआरेझ हे याचं जिवंत उदाहरण आहे. चेल्सीच्या इवानोविचला चावल्याबद्दल दहा सामन्यांची बंदी, त्यात आर्सेनलची ४ कोटी १ पाउंडाची बोली, आणि आपल्याला सोडण्याचा शब्द दिला होता हे त्याचं म्हणणं. लिव्हरपूलने विकलं नाही. मॅनेजर ब्रेंडन रॉजर्सनी त्याला संघापासून वेगळा सराव करायला लावला आणि मग परत घेतला. बंदी संपल्यावर त्याने ३३ लीग सामन्यांत ३१ गोल केले आणि लिव्हरपूल दोन गुणांनी दुसरं आलं. पुढच्या उन्हाळ्यात वर्ल्ड कपमध्ये पुन्हा चावला, आणि बार्सिलोनाला गेला. एक वर्ष जास्त मिळालं, आणि काय वर्ष होतं ते! त्या वर्षासाठी ठाम राहणं योग्यच होतं.

आता उणिवा. बोलण्याचा भाग यादीतून निवडायचा असतो आणि ती यादी लवकर पाठ होते. सोबत हावभाव निवडता येतात: हात पसरणं, बोट दाखवणं, अगदी पाण्याची बाटली फेकणंही. फेब्रुवारी २००३ मध्ये फर्ग्युसननी लाथाडलेला बूट बेकहॅमच्या भुवईवर लागला होता आणि उन्हाळ्यात बेकहॅम माद्रिदला गेला. अशा एका क्षणाचं ओझं किती असतं ते खेळातल्या बाटलीत उतरत नाही. तिचा परिणाम पुढच्या पंचेचाळीस मिनिटांपुरता. शिवाय एकदा कळलं की शांत सुरात, अलीकडच्या कामगिरीवर बोट ठेवून बोललेलं बहुतेकांना चालतं, की तेच वाक्य सगळ्यांवर चालवायचा मोह होतो.

पण माझी खरी तक्रार याहून खोल आहे. खेळात 'का?' विचारायची सोयच जवळजवळ नाही. घरची आठवण येते इतपत खेळाला कळतं. त्यापलीकडे खेळाडू उशिरा येतो तो आकड्यामुळे. खऱ्या ड्रेसिंग रूममध्ये उशिरामागे बाटली असते, जुगार असतो, मोडत चाललेलं घर असतं. टोनी अ‍ॅडम्स आर्सेनलचा कर्णधार असताना डिसेंबर १९९० मध्ये दारू पिऊन गाडी चालवल्याबद्दल तुरुंगात गेला. सप्टेंबर १९९६ मध्ये त्याने आपण मद्यपी असल्याचं उघड सांगितलं. पुढच्याच महिन्यात आर्सेन व्हेंगर मॅनेजर म्हणून आले, त्यांनी कर्णधारपद त्याच्याकडेच ठेवलं, आणि १९९८ मध्ये त्याच्याच नेतृत्वाखाली आर्सेनलने लीग आणि कप दोन्ही जिंकले. एव्हर्टनविरुद्ध लीग पक्की झाली त्या सामन्यातला चौथा गोल त्याचा आहे. पुढे त्याने व्यसनात अडकलेल्या खेळाडूंसाठी उपचारकेंद्र काढलं. आकड्यांच्या जगात अ‍ॅडम्स असा सुधारत नाही. दंडाची पायरी चढत तो विक्रीच्या यादीत जातो, आणि आर्सेनल आपला कर्णधार गमावतो. एवढ्या मोठ्या खेळात क्लबच्या मानसशास्त्रज्ञाकडे पाठवण्याचा, चार आठवडे सुट्टी देण्याचा, कुटुंबाशी बोलण्याचा एखादा खरा मार्ग हवा होता. हा विषय मला जिव्हाळ्याचा आहे म्हणून जास्त टोचतं.

खेळाडूला सोडण्याचा भाग ठीक आहे. २०२४ मध्ये मध्यस्थ नेमून गिऱ्हाईक शोधायची सोय आली, ती उपयोगी आहे. भांडून यादीत टाकलेल्या खेळाडूला भाव येत नाही हेही खरं वाटतं. आर्सेनलचा मॅनेजर अर्तेता याने डिसेंबर २०२१ मध्ये ओबामेयांगचं कर्णधारपद काढलं आणि फेब्रुवारीत तो बार्सिलोनाला गेला, आर्सेनलच्या हाती ट्रान्स्फरची रक्कम काहीच आली नाही. त्याच खेळाडूने २०२० च्या एफए कप अंतिम सामन्यात दोन गोल मारले होते. असा निर्णय खेळात घेऊन बघा. कर्णधारपद काढल्यावर डायनॅमिक्सचं पान पेटतं, आणि तरीही पुढच्या हंगामात संघ तरुण आणि हलका वाटू शकतो. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असतात, आणि हे दाखवणारा दुसरा खेळ मला माहीत नाही.

मनुष्यस्वभाव समजून घ्यायला आवडत असेल तर हा खेळ घ्याच. फक्त गोल बघायचे असतील तर नका घेऊ. वाचायला प्रचंड आहे आणि मजकूर मराठीत नाही. ज्यांनी घेतला आहे त्यांना दोन विनंत्या. पहिला खेळाडू विकत घ्यायच्या आधी कोड ऑफ कंडक्ट लावा, आणि स्वतःला लागू करायला जड जाणार नाही एवढाच कडक ठेवा. आणि एखाद्या खेळाडूशी बोलणं फिसकटलं म्हणून मागची सेव्ह उघडू नका. फिसकटलेलं बोलणं घेऊनच शनिवारचा संघ निवडा.